झोपायचा पत्ता आणि रात्रीचं मत

शहराच्या यादीत माणसाची नोंद तो जिथे झोपतो तिथे होते. वॉर्ड, मतदान केंद्र, हरकत घ्यायचा हक्क, सगळं त्या पत्त्याला बांधलेलं. रात्री दोन वाजता एखाद्या चौकात जी माणसं असतात, ती या हिशेबात बसत नाहीत. ग्लास भरणारी, साउंड लावणारा, दारावर ओळखपत्रं बघणारा, पहाटे फरशी पुसणारे आणि नाचायला आलेले, यांतले बहुतेक दुसऱ्याच वॉर्डात राहतात. चौकाचं काय करायचं हे ठरवणारी सुनावणी मात्र दिवसा होते आणि तिथे हजर असतो वरच्या मजल्यावर राहणारा, ज्याची झोप मोडते. त्याची तक्रार खोटी नसते. पण त्या खोलीत समोरची बाजू मांडायला बहुतेक वेळा कोणी नसतं. रात्रीचं शहर आणि इंटरनेट यांचं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सूत जुळलं ते या अडचणीमुळे. तरुणाईचा उत्साह वगैरे नंतरची सजावट.

कॉफीगृहांपासून सुरुवात करायचा प्रघात आहे, म्हणून तेवढं उरकून घेऊ. इंग्लंडच्या राजाने २९ डिसेंबर १६७५ रोजी फर्मान काढलं की १० जानेवारीपासून कॉफीगृहं बंद, कारण लोक तिथे बसून सरकारबद्दल नको ते बोलतात. ओरड इतकी झाली की मुदतीच्या दोन दिवस आधी फर्मान मागे घ्यावं लागलं. पुढे १९६२ साली एका जर्मन तत्त्वज्ञाने याच कॉफीगृहांच्या आधारे लोकचर्चेच्या अवकाशाची कल्पना मांडली आणि तेव्हापासून या विषयावरचं जवळजवळ प्रत्येक लिखाण तिथूनच निघतं. तिथे बसून वाद घालायला फुरसत आणि खिशात नाणी लागत, ही गोष्ट मात्र अनेकदा तळटीपेत जाते.

विसाव्या शतकात सत्तेला धास्ती बोलण्यापेक्षा नाचण्याची होती. न्यूयॉर्कमध्ये १९२६ साली नियम आला की खाणंपिणं विकणाऱ्या जागेत लोक नाचणार असतील तर वेगळा परवाना हवा. १९६७ पर्यंत अशा ठिकाणी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना बोटांचे ठसे देऊन कार्ड काढावं लागे. जून १९६९मध्ये ग्रिनिच व्हिलेजमधल्या ज्या बारवरच्या छाप्यातून समलिंगींच्या हक्कांची चळवळ पेटली, त्या बारकडे तर दारूचाही परवाना नव्हता. नाचाचा नियम २०१७ साली रद्द झाला तेव्हा शहरात खाण्यापिण्याची सुमारे २५,००० ठिकाणं होती आणि नाचाचे परवाने ९७. उरलेल्या सगळ्या ठिकाणी लोक हातावर हात ठेवून बसत होते असं कोणीच म्हणणार नाही. पण परवाना नसलेला मालक सुनावणीला जात नाही, कारण तिथे उभं राहणं म्हणजे स्वतःचा गुन्हा सांगणं. रात्रीचा आवाज सभागृहात का पोचला नाही, याचं हे दुसरं कारण. पत्ता नाही आणि वर कागदही नाही.

क्लब आणि संगणक यांची गाठ पडली ती अ‍ॅमस्टरडॅममध्ये. ऑगस्ट १९८९मध्ये, जुन्या चर्चच्या इमारतीत चालणाऱ्या एका संगीत-क्लबात हॅकरांचं तीन दिवसांचं संमेलन भरलं. त्याच वर्तुळातली माणसं आणि जवळचं एक सांस्कृतिक केंद्र यांनी १५ जानेवारी १९९४ रोजी शहराचं ‘डिजिटल’ रूप सुरू केलं. मुदत दहा आठवड्यांची आणि हेतू साधा: मार्चमधल्या पालिका निवडणुकीआधी नागरिकांनी उमेदवारांशी बोलावं. घरून मोडेमने जोडायचं, नाहीतर वाचनालयात आणि नगरभवनात ठेवलेल्या टर्मिनलवर बसायचं. लाइनी भरून गेल्या. नागरिक खूप बोलले, राजकारण्यांनी मात्र फार कमी उत्तरं दिली. प्रयोग तरीही पुढे बरीच वर्षं चालला, आणि १९९५च्या आसपास त्याचा पडदा पुन्हा मांडला तेव्हा रचना होती चौकांची: प्रत्येक विषयाचा एक चौक आणि चौकात कॅफे. संगणकाच्या पडद्यासाठी दप्तर आणि खिडकी यांचं रूपक हाताशी असताना त्यांनी चौक आणि कॅफे निवडला, यात बरंच काही आलं. उत्तर देण्याची सक्ती मात्र त्या चौकात कुणावरच नव्हती. पुढे जे जे फसलं, त्यातलं निम्मं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

आता त्या शब्दाकडे, ज्याने या सगळ्या चर्चेचा गुंता केला: ‘नाइट मेयर’, म्हणजे रात्रीचा महापौर. मराठीत हा शब्द आणला की वाचकाला वाटतं, निवडून आलेलं, गळ्यात पदाची साखळी घातलेलं कोणीतरी असणार. मूळ डच शब्द निघाला थट्टेतून. रॉटरडॅममध्ये रात्रभर भटकणाऱ्या एका कवीला लोक लाडाने तसं म्हणत. अ‍ॅमस्टरडॅमने २००३च्या सुमारास तो गंभीरपणे घेतला आणि २०१४ साली त्यामागे एक स्वतंत्र प्रतिष्ठान उभं केलं. खर्चाचा अर्धा वाटा पालिकेचा, अर्धा रात्रीच्या व्यावसायिकांचा. मुदत दोन वर्षं. अधिकार शून्य: परवाना देता येत नाही, रद्द करता येत नाही, पोलिसांना हुकूम सोडता येत नाही.

निवड कशी होते ते नीट पाहण्यासारखं आहे. तीन हिस्से असतात: ऑनलाइन मतदान, निवडीच्या रात्री प्रत्यक्ष हजर असलेल्यांचं मत आणि जाणकारांच्या समितीचं मत. तिन्हींचं कारण वेगवेगळं. फक्त ऑनलाइन ठेवलं तर ज्याच्याकडे महोत्सवाच्या ग्राहकांची मोठी यादी आहे तो एका संदेशात जिंकतो. फक्त हजेरीवर ठेवलं तर ज्याच्या मित्रांना त्या रात्री सुट्टी आहे तो जिंकतो, आणि ज्यांच्यासाठी हे पद आहे ते बारवाले नेमके कामावर असतात. फक्त समितीवर ठेवलं तर निवडणूक हा शब्द काढून टाकावा लागेल. टीकाकार समितीवर बोट ठेवतात, आणि त्यात तथ्य आहे. रहिवासी संघटनांचा आक्षेप आणखी मुळातला: व्यावसायिकांच्या अर्ध्या पैशावर चालणारं पद रात्रीच्या ‘नागरिकांचं’ कसं? यावर समाधानकारक उत्तर आजही कोणी दिलेलं नाही. पण एक गंमत या वादात सहसा निसटते. नेदरलँड्समध्ये दिवसाचा महापौरही थेट मतदानाने येत नाही. नगरपरिषद शिफारस करते आणि नेमणूक राजसत्तेच्या नावाने होते. म्हणजे मतपेटीच्या जास्त जवळ आहे तो रात्रीचा.

शब्द देशाबाहेर गेला आणि प्रत्येक शहराने त्यात हवं ते भरलं. पॅरिसमध्ये २०१३ साली बारमध्ये आणि ऑनलाइन मतं घेऊन एकाला निवडलं, पण नगरपालिकेने ते पद निर्माण केलेलंच नव्हतं. लंडनने २०१६ साली मतदानाच्या भानगडीत न पडता महापौरांकरवी थेट नेमणूक केली, आठवड्याला अडीच दिवस आणि वर्षाला ३५,००० पौंड, आणि पदाला नाव दिलं ‘झार’, म्हणजे रशियाच्या सम्राटाची पदवी. लोकांचा आवाज म्हणून नेमलेल्या माणसाला झार म्हणायचं धाडस इंग्रजीच करू जाणे. खरी अडचण नावाची नव्हती. लंडनमध्ये परवाने देतात बरो, म्हणजे स्थानिक परिषदा. महापौरांच्या कचेरीतला झार त्यांना फार तर पत्र लिहू शकत असे. २०२४मध्ये ते पद रिकामं झालं. न्यूयॉर्कने २०१७ साली कायदाच करून कार्यालय आणि सल्लागार मंडळ स्थापलं. तिथे निवडणूक नाही, पण निदान कामं कायद्यात लिहिलेली आहेत. माझ्या मते टिकाऊपणात हा नमुना सरस, लोकशाहीपणात अ‍ॅमस्टरडॅमचा. दोन्ही गुण एका पदात अजून कुठे उतरलेले नाहीत.

या पदाने काहीच साधलं नाही असंही नव्हे. २०१३पासून अ‍ॅमस्टरडॅमने शहराच्या मध्यभागाबाहेरच्या निवडक जागांना २४ तासांचे परवाने दिले. सगळे क्लब एकाच वेळी बंद झाले की हजारो माणसं एकाच क्षणी रस्त्यावर येतात, गोंगाट आणि मारामारी तेव्हाच होते. वेळेचं बंधन काढलं की गर्दी पाझरत पाझरत घरी जाते. परवान्याच्या भाषेत न बसणारं हे ज्ञान दारावर उभ्या राहणाऱ्यांकडे होतं, आणि ते टेबलापर्यंत पोचवणारं कोणी मिळालं, एवढाच फरक.

जपानमधली लढाई जास्त शिकवणारी आहे, कारण तिथे कायदा बदलला. १९४८च्या कायद्याप्रमाणे ग्राहकांना नाचू देणं हा परवान्याचा धंदा. परवान्यासाठी नाचाची जागा किमान ६६ चौरस मीटर हवी आणि मध्यरात्री, फार तर एक वाजता, बंद. शहरातल्या लहान क्लबांना एवढी जागा नव्हतीच, म्हणून ते बार म्हणून नोंद करत आणि भिंतीवर ‘नाचू नये’ अशी पाटी लावत. एप्रिल २०१२मध्ये ओसाकातल्या एका क्लबवर छापा पडला, मालक अडकला. त्यानंतर कागदावर आणि ऑनलाइन मिळून दीड लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि त्या २०१३ साली संसदेकडे गेल्या. तिथे सर्वपक्षीय खासदारांचा गट तयार होता, म्हणून त्या रद्दीत गेल्या नाहीत. २०१४ साली न्यायालयाने मालकाला निर्दोष सोडलं. २०१५ साली दुरुस्ती मंजूर झाली आणि जून २०१६पासून लागू झाली. पण नव्या नियमात पहाटेपर्यंत चालवायचं असेल तर उजेड १० लक्सच्या वर हवा. म्हणजे चित्रपट सुरू होण्याआधी थिएटरात असतो तितका. त्याहून अंधार असेल तर जागा पुन्हा जुन्या, कडक वर्गात. नाच सुटला, अंधार अडकला. मागणीत प्रकाशाबद्दल ओळ नसली की तो रकाना दुसरा कोणीतरी भरतो.

बाकीच्या काही घटना वेगाने सांगता येतात. ११-१२ मे २०१८च्या रात्री जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, क्लबांवर सशस्त्र छापे पडले. फेसबुकवरून हाक गेली आणि लोक संसदेसमोर स्पीकर लावून नाचले. १३ मे रोजी गृहमंत्र्यांनी माफी मागितली. जर्मनीत बांधकाम-नियमांत क्लब हे जुगारघरं आणि वेश्यालयांच्या रकान्यात होते. ७ मे २०२१ रोजी संघीय संसदेने ठराव केला की त्यांना सांस्कृतिक स्थळं माना. ठराव म्हणजे सरकारला केलेली सूचना, नियम बदलणं नव्हे, हे बातम्यांच्या मथळ्यांत हरवलं. तैवानमध्ये २०१४च्या संसद-ठिय्यानंतर जी ऑनलाइन सल्लामसलत सुरू झाली, तिच्या साधनात उत्तर द्यायचं बटणच नव्हतं. दुसऱ्याच्या विधानावर सहमत, असहमत किंवा सोडून द्या एवढंच, हवं तर स्वतःचं विधान मांडा. भांडण वाढवायला जागाच नसल्याने दोन्ही गटांना मान्य असलेली विधानं वर येतात. साधं आणि हुशार.

माद्रिदकडे मात्र थांबावं लागेल. मे २०११मध्ये चौकात रात्रंदिवस मुक्काम ठोकलेल्या आंदोलनातून पुढे २०१५ साली पालिकेचं व्यासपीठ निघालं. कुणीही प्रस्ताव टाकायचा, सोळा वर्षांवरच्या रहिवाशांपैकी एक टक्क्याचा, म्हणजे सुमारे २७,००० जणांचा, पाठिंबा बारा महिन्यांत मिळवायचा, मग शहरभर मतदान. हजारो प्रस्ताव आले. फेब्रुवारी २०१७मध्ये मतदानापर्यंत पोचले दोन. कारण रचनेत आहे: पहिल्या पानावर जे दिसतं त्यालाच पाठिंबा मिळतो, पाठिंबा मिळतो तेच पहिल्या पानावर राहतं, आणि बाकीचे मागच्या पानांवर वर्षभरात मुदत संपून जातात. एकाच गोष्टीचे चाळीस प्रस्ताव असतील तर मतं चाळीस ठिकाणी फुटतात, एकत्र करायला कोणी नाही. आणि पाठिंबा द्यायचा तर पालिकेच्या रहिवासी-नोंदीशी नाव जुळलं पाहिजे. बनावट खाती रोखायला हे लागतंच. पण उपनगरातून शेवटच्या गाडीने येऊन पहिल्या गाडीने परतणारी बारमधली मुलगी इथेही मोजली जात नाही. पडदा बदलला, पत्ता तोच.

इंग्लंडच्या २००३च्या परवाना कायद्यात ही गाठ थोडी सैल झाली आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. आधी हरकत किंवा पाठिंबा नोंदवायला तुम्ही त्या जागेच्या आसपास राहणं किंवा तिथे धंदा करणं आवश्यक होतं. २०१२पासून ही अट गेली, कोणीही निवेदन देऊ शकतो. पण ते चार उद्दिष्टांपैकी एकाशी जोडलेलं हवं: गुन्हे रोखणं, सार्वजनिक सुरक्षा, उपद्रव टाळणं, मुलांचं संरक्षण. ‘हा क्लब आमच्या शहराचा आत्मा आहे’ हे चारांपैकी कशातच बसत नाही. २०१६ साली लंडनमधल्या एका मोठ्या क्लबचा परवाना, दोन १८ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूनंतर, रद्द झाला तेव्हा दीड लाखांहून अधिक ऑनलाइन सह्या जमल्या. अशा सह्यांच्या आकड्याला या कायद्यात वजन नाही. दार उघडलं ते अपील, वकिलांसाठी लोकांनी ऑनलाइन जमवलेले पैसे आणि तडजोडीतल्या नव्या अटी यांमुळे: ओळखपत्र स्कॅन करणं, शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत वयाची मर्यादा १९, अमली पदार्थ सापडल्यास कायमची बंदी.

चालण्यासारखं निवेदन कसं असतं? आपलं नाव-पत्ता, कोणत्या उद्दिष्टाबद्दल बोलतो आहोत, आणि स्वतः पाहिलेली गोष्ट तारखेसह: दारावर किती रक्षक होते, पाणी फुकट मिळत होतं का, बाहेर पडताना रांग कशी सोडली. असे वीस कागद लाखभर सह्यांपेक्षा जड पडतात. मुदत २८ दिवस, अर्ज दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्याची सूचना जागेवर लावावी लागते: फिकट निळा ए-फोर कागद, काळी शाई, अक्षरं किमान १६ पॉइंटची, बाहेरून वाचता येईल अशी. दिवसा तो कागद बंद शटरशेजारी असतो आणि वरच्या मजल्यावरचा रहिवासी दूध आणायला जाताना तो वाचतो. रात्री तोच कागद रांगेतल्या तीनशे माणसांच्या पाठीमागे असतो.