हॅचबॅकपासून रॅली कार

रोजच्या वापरासाठी कारखान्यातून निघालेल्या छोट्या हॅचबॅक गाडीची मूळ बॉडी कायम ठेवून तिला रॅलीत धावण्याजोगी करण्याचे तंत्र. रॅलीतल्या गाड्या एकमेकींना खेटून पळत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक गाडी सुटते, रहदारीला बंद केलेल्या स्पेशल स्टेजवर वेळेशी शर्यत लावून पळते आणि एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजकडे खुल्या रस्त्याने, रहदारीचे सगळे नियम पाळत जाते. म्हणून रॅली कारला दिवे, हॉर्न आणि नंबरप्लेट लागते, पेस नोट्स (रस्त्याच्या वळणांची आधी टिपून ठेवलेली वर्णने) वाचणाऱ्या को-ड्रायव्हरची जागा लागते आणि चाकाखाली खडी, चिखल, बर्फ, डांबर काहीही आले तरी टिकण्याची ताकद लागते.

हे काम इंजिनापासून सुरू होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. जाणते बिल्डर आधी बॉडी ताठ करतात, मग सस्पेन्शन, ब्रेक आणि ट्रान्समिशन हाती घेतात आणि इंजिनाकडे शेवटी वळतात. बॉडी पिळवटत असेल तर शॉकॲब्सॉर्बरची कोणतीच सेटिंग खरी ठरत नाही, आणि चाके जमिनीला धरून राहत नसतील तर वाढवलेली ताकद टायर नुसते गरगरवण्यात जाते.

हॅचबॅकच का

छोट्या हॅचबॅकची पुढची आणि मागची चाके एकमेकांच्या जवळ असतात, बंपर चाकांच्या फारसे पुढे येत नाहीत आणि वजन मुळातच कमी असते. अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर अशी गाडी चटकन दिशा बदलते. खोलगट भागात उतरताना तिचे नाक जमिनीला घासत नाही. सुटे भाग सहज मिळतात. उत्पादकालाही शोरूममध्ये उभी असलेली गाडीच जिंकताना लोकांना दिसायला हवी असते.

याच गुणांची दुसरी बाजू अशी की चाकांमधले अंतर कमी असल्यामुळे गाडी वेगात अस्थिर होते आणि मागची बाजू सुटली तर फार थोडा इशारा देऊन सुटते. शिवाय बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि ओढणारी चाके सगळे पुढेच असते. निम्म्याहून बरेच अधिक वजन पुढच्या चाकांवर पडते. निसरड्या रस्त्यावर याचा फायदा होतो, पण वळवणे, ओढणे आणि ब्रेकचा मोठा भार सोसणे ही तिन्ही कामे त्याच दोन टायरना करावी लागतात. त्यात ॲक्सिलरेटर दाबला की वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात. १९६० च्या दशकात टिमो माकिनेन, राउनो आल्टोनेन या फिनिश चालकांनी मिनी चालवताना यावर डाव्या पायाच्या ब्रेकचा उपाय वापरला. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक हलका दाबला की नाक खाली बसते, मागची बाजू बाहेर सरकते आणि गाडी वळणात शिरते. पुढची चाके ओढणाऱ्या रॅली कारचे ब्रेक आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची यंत्रणा) बसवताना आजही ही शैली गृहीत धरलेली असते.

नियम आणि होमोलोगेशन

पान्हा हातात घेण्याआधी नियमपुस्तक वाचावे लागते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ म्हणजे एफआयए आपल्या क्रीडा संहितेच्या ‘परिशिष्ट जे’मध्ये कोणत्या वर्गात काय बदलता येते हे ठरवून देते. मूळ गाडी किमान किती संख्येने बनली पाहिजे आणि तिचे कोणते भाग मान्य आहेत याची जी अधिकृत नोंद होते, तिला होमोलोगेशन म्हणतात. अशा छोट्या गाड्यांचा रॅलीतला इतिहास हा बराचसा या नोंदीचाच इतिहास आहे.

मिनी कूपर एसने माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली. १९६६ मध्ये पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या तिन्ही मिनी हेडलाइटच्या बल्बांवरून बाद झाल्या. त्या काळच्या मिनी अजून विक्रीच्या गाडीसारख्याच होत्या. पुढे उत्पादकांनी नियमांच्या मोकळीकीचा पुरेपूर उपयोग केला. ग्रुप ४ या त्या काळच्या वर्गात ४०० गाड्या बनवणे पुरेसे होते, तेव्हा रेनॉने ‘५’ या छोट्या गाडीची मागची सीट काढून तिथे टर्बो इंजिन बसवले. झाँ रान्योती याने तिच्यावर १९८१ ची माँटे कार्लो जिंकली. पुढच्या ग्रुप बी या वर्गात ही अट २०० गाड्यांवर आली. १९८४ मध्ये उतरलेली पूजो २०५ टर्बो १६ दिसायला २०५ सारखी, पण तिचे इंजिन सीटच्या मागे आणि ताकद चारही चाकांना. १९८५ आणि १९८६ ची दोन्ही जगज्जेतेपदे, चालकाचे आणि उत्पादकाचे, तिच्याकडे गेली. ही गाडी विलक्षण होतीच, पण तिला ‘हॅचबॅकपासून घडवलेली’ म्हणणे कठीण आहे.

१९८६ मधल्या प्राणघातक अपघातांनंतर ग्रुप बी बंद झाला आणि १९८७ पासून ग्रुप ए हा वरचा वर्ग ठरला. आता वर्षभरात ५,००० गाड्या बनवण्याची अट होती. म्हणजे रॅलीत लागणारी यंत्रणा आधी विक्रीच्या गाडीतच असायला हवी. लान्चाने डेल्टा या पाच दारांच्या हॅचबॅकला टर्बो इंजिन आणि चारचाकी ओढ देऊन ती विकायला काढली आणि १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे उत्पादकाचे जगज्जेतेपद मिळवले. १९९७ च्या वर्ल्ड रॅली कार नियमांनी पुन्हा सूट दिली: टर्बो आणि चारचाकी ओढ विक्रीच्या गाडीत नसली तरी रॅलीच्या गाडीत बसवता येऊ लागली. मात्र गाडीची लांबी किमान चार मीटर हवी होती. पूजो २०६ त्याहून आखूड होती. कंपनीने लांब बंपर लावलेली ‘ग्रांद तुरिझ्म’ ही आवृत्ती ४,००० च्या संख्येने काढली आणि लांबीची अट भागवली. त्या बंपरांच्या जोरावर उतरलेल्या २०६ ने २००० ते २००२ अशी तीन वर्षे उत्पादकाचे जगज्जेतेपद राखले.

२०२२ पासून सर्वांत वरच्या रॅली१ वर्गात नळ्यांचा सांगाडा चालतो. मूळ गाडीचा फक्त आकार उरला. हॅचबॅकपासून रॅली कार घडवण्याची कला आता खऱ्या अर्थाने खालच्या वर्गांत टिकून आहे. रॅली२ मध्ये १.६ लिटर टर्बो इंजिन, चारही चाकांना ओढ आणि किमान १,२३० किलो वजन असते. रॅली४ पुढच्या चाकांची ओढ असलेल्या हलक्या गाड्यांचा आहे, आणि रॅली५ विक्रीच्या गाडीला सर्वांत जवळचा.

बॉडी आणि रोल केज

गाडी पूर्ण उघडी करून नुसता पत्रा उरेपर्यंत सोलली जाते. सीट, गालिचे, वायरिंग, काचा निघतात. मग फरशीवर चिकटवलेले डांबरी थर उरतात. आवाज अडवण्यासाठी कारखान्यात बसवलेले हे थर तापवून खरवडले तर सगळीकडे चिकटा होतो. म्हणून त्यांवर कोरडा बर्फ पसरतात. थंडीने थर कडक आणि ठिसूळ होतो, मग हातोडीने हलके ठोकले की मोठमोठे तुकडे होऊन निघतो. सांध्यांमधले सीलंट मात्र तारेच्या ब्रशने, इंचाइंचाने काढावे लागते. ते राहिले तर वेल्डिंगमध्ये जळते आणि टाका पोकळ राहतो. कंटाळवाणे काम आहे, आणि गाडीचे आयुष्य यावरच ठरते.

कारखान्यात पत्रे ठिकठिकाणी स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. रॅलीच्या हादऱ्यांत ते सांधे हळूहळू सैल होतात. त्यामुळे स्पॉटच्या मधल्या जागेत छोटे, तुटक टाके मारतात. सलग वेल्ड करत नाहीत, कारण उष्णतेने पत्रा वाकडा होतो. शॉकॲब्सॉर्बरचे वरचे बुरुज, सस्पेन्शन आर्मच्या बैठका आणि जॅक लावायच्या जागा जादा पत्रा लावून मजबूत केल्या जातात.

मग रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा. एफआयएच्या नियमांनुसार तो सांधा नसलेल्या, थंड ओढलेल्या कार्बन स्टीलच्या नळीचा हवा आणि नळीची ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. चालकाच्या मागच्या मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची नळी लागते. केज छताला आणि खांबांना जितका भिडलेला तितका चांगला, पण मग वरच्या सांध्यांच्या मागच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. केजचे पाय जिथे टेकतात तिथे फरशीला भोके पाडून अख्खा केज खाली उतरवतात, वरचे सांधे चारही बाजूंनी वेल्ड करतात, केज पुन्हा वर उचलतात आणि भोकांवर जाड पट्ट्या ठेवून पाय पक्के करतात. केज कोणाचा आहे हे पाहण्यापेक्षा हे वरचे सांधे मागून वेल्ड झाले आहेत का, हे आरशाने तपासणे अधिक मोलाचे.

केज फक्त गाडी उलटल्यावर उपयोगी पडतो असे नाही. पुढच्या बुरुजांपासून मागच्या बुरुजांपर्यंत तो बॉडीला बांधून ठेवतो आणि तिचा पीळ कमी करतो. सीट खाली आणि मागे सरकवून बसवतात. त्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि डोके केजपासून दूर राहते. सहा पट्ट्यांचे बेल्ट, मान सांभाळणारे हान्स, जागेवर बसवलेली अग्निशामक यंत्रणा आणि वीज तोडणारा, बाहेरूनही ओढता येणारा कट-ऑफ स्विच यांत काटकसरीला जागा नाही.

सस्पेन्शन

पैसे मोजकेच असतील तर ते इथे घालावेत. वेगवान खडीच्या रस्त्यावर चाक एका सेकंदात कित्येकदा वरखाली होते; ती सगळी ऊर्जा शॉकॲब्सॉर्बरच्या तेलात उष्णता होऊन जिरते. साध्या शॉकॲब्सॉर्बरमधले तेल तापून फेसाळते आणि काही किलोमीटरमध्ये गाडी उड्या मारू लागते. रॅलीच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल जास्त असते, नायट्रोजनचा दाब असतो आणि बहुतेकदा तेलाची वेगळी टाकी असते. हॅचबॅकच्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबात) आणखी एक अडचण आहे. तिथे शॉकॲब्सॉर्बरचा दांडा बाजूचे धक्केही सोसतो आणि वाकतो. म्हणून स्ट्रट उलटा बसवतात, म्हणजे बारीक दांड्याऐवजी जाड नळकांडे बेअरिंगमधून सरकते.

नवखे लोक स्प्रिंग फार कडक करतात. खडीसाठी गाडी उंच, मऊ आणि लांब चालीची हवी. चाक खड्ड्यात खाली उतरूनही जमिनीला धरून राहिले पाहिजे. डांबरासाठी तीच गाडी खाली बसवून कडक करतात. पोटाखाली ॲल्युमिनियमचा जाड सम्प गार्ड लागतो (सम्प म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी). तो इंजिनाच्या सम्पला टेकता कामा नये, नाहीतर दगडाचा प्रत्येक तडाखा थेट इंजिनाला बसतो.

ट्रान्समिशन, ब्रेक, इंजिन

पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत सर्वांत मोठा फरक पडतो तो प्लेटच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलने. साधे डिफरन्शियल हलक्या झालेल्या आतल्या चाकाला मोकळे फिरू देते. प्लेटचे डिफरन्शियल दोन्ही चाकांना बांधते, आणि ते ॲक्सिलरेटर दाबल्यावर किती बांधावे व सोडल्यावर किती, हे आतल्या उतारांच्या कोनांवरून वेगवेगळे ठरवता येते. सोडल्यावर जास्त बांधले तर गाडी वळायलाच नकार देते. गिअर जवळजवळ ठेवतात आणि अखेरचा रेशो आखूड करतात, कारण स्टेजवर सर्वोच्च वेगापेक्षा वळणातून सुटण्याची चपळाई महत्त्वाची.

ब्रेकची मर्यादा चाक ठरवते. खडीवर १५ इंची चाकात लहान डिस्कच मावते. डांबरावर १८ इंची चाकात मोठी बसते. पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण चालकाला बसल्या जागी बदलता यायला हवे, आणि अरुंद वळणात मागची चाके क्षणभर अडवणारा हायड्रॉलिक हँडब्रेक हवा.

इंजिनाकडून आकड्यांपेक्षा खालच्या फेऱ्यांतला जोर हवा असतो. टर्बो इंजिनाला नियमानेच हवेची वाट अरुंद करणारी चकती लावलेली असते (रॅली२ मध्ये ३२ मिलिमीटर), त्यामुळे वरच्या फेऱ्यांत ताकद आपोआप खुंटते. लांब वळणात तेल एका बाजूला गेले तरी पंप कोरडा पडू नये म्हणून सम्पमध्ये आडवे पडदे बसवतात.

सर्व्हिस आणि चाचणी

मोठ्या रॅलीत दिवसअखेरच्या सर्व्हिसला, म्हणजे पथकाने गाडी दुरुस्त करण्याच्या ठरलेल्या वेळेला, ४५ मिनिटे मिळतात. सरावलेले पथक त्यातल्या २० मिनिटांत गिअरबॉक्स बदलू शकते, पण गाडी तशी बांधली असेल तरच: मोजक्याच मापांचे बोल्ट, हाताने सुटणारे वायरिंगचे जोड, डावी-उजवीकडे चालणारे भाग. स्टेजदरम्यान दुरुस्ती चालक आणि को-ड्रायव्हरलाच, गाडीत असलेल्या हत्यारांनी करावी लागते.

चाचणीत एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा धावून एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि मधूनमधून मूळ सेटिंगवर परत येतात, कारण रस्ता खणला जातो, टायर झिजतात आणि चालकही त्या रस्त्याला सरावतो. प्रत्येक रॅलीनंतर बुरुज, आर्मच्या बैठका आणि केजचे पाय स्वच्छ करून चिरा शोधल्या जातात. होमोलोगेशन झालेल्या केजची वाकलेली नळी सरळ करून वापरता येत नाही. दुरुस्ती त्याच्या निर्मात्याकडून किंवा त्याच्या संमतीने व्हावी लागते. बॉडीच पिळवटली असेल तर नव्या बॉडीत इंजिन, सस्पेन्शन आणि वायरिंग हलवून गाडी पुन्हा उभी केली जाते.