नाळेतलं रक्त: बहिणीकडून भावाला, आणि तिथून पुढे

बाळंतपण झालं की नाळ कापतात, मागून वार पडते, आणि बाळाला नऊ महिने पोसणारं हे सगळं काही मिनिटांत निरुपयोगी होऊन जातं. वैद्यकानंही फार काळ त्याकडे तसंच पाहिलं. आज मात्र बाळ जन्माला येण्याआधीच आईवडिलांना विचारलं जातं: नाळेतलं रक्त साठवायचं का? तोवर त्यांनी ‘स्टेम सेल’ हा शब्द फारतर जाहिरातीत वाचलेला असतो. हा प्रश्न कुठून आला ते समजलं, तर उत्तर देणं बरंच सोपं जातं.

नाळेच्या आत रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा मऊ, चिकट थर असतो. इंग्लंडमधल्या टॉमस व्हार्टन यांनी 1656 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून तो आजही ‘व्हार्टन्स जेली’ म्हणून ओळखला जातो. उपचारासाठी आधी हाताशी आला तो गर्भाभोवतीचा पातळ पडदा. 1910 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डेव्हिस यांनी तो त्वचारोपणात वापरून पाहिला, आणि 1940 साली डोळ्याच्या पृष्ठभागाच्या दुरुस्तीसाठीही त्याचा उपयोग झाला. त्या काळी पेशींचा विचार कुणाच्या मनात नव्हता. जखमेवर बसेल असं एक मऊ, जिवंत आच्छादन हवं होतं, एवढंच.

मूलपेशींची, म्हणजे स्टेम सेलची गोष्ट सुरू झाली ती हाडांच्या आतल्या मगजात, बोन मॅरोमध्ये. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटोत टिल आणि मॅकलक या शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गानं रक्तनिर्मिती बंद पडलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांचा बोन मॅरो टोचला. काही दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर गाठी दिसू लागल्या, आणि एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली निघाली. स्वतःसारख्या पेशी तयार करणारी आणि वेगवेगळ्या रक्तपेशींनाही जन्म देणारी पेशी असते, याचा हा भक्कम पुरावा होता. 1968 साली भावंडाचा बोन मॅरो देऊन रोगी बरा करता आला. पण त्यासाठी दोघांच्या ऊतींचा प्रकार जुळावा लागतो, आणि सख्खं भावंड तसं जुळण्याची शक्यता चारांत एक. ज्यांना जुळणारं कुणीच नाही, त्यांचं काय करायचं, या अडचणीतून पुढचा सगळा शोध निघाला.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात नॉर्मन आणि मिल्टन एंडे या डॉक्टर बंधूंनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या एका 16 वर्षांच्या मुलाला अनेक नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त दिलं होतं. तो अनुभव त्यांनी 1972 साली एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात छापला. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. दोनच वर्षांनी नाळेच्या रक्तात रक्त घडवणाऱ्या पूर्वज पेशी असतात हे प्रयोगशाळेत दिसलं, तेही तसंच पडून राहिलं.

हा धागा पुन्हा उचलला एडवर्ड बॉइस आणि हॅल ब्रॉक्समायर या संशोधकांनी, 1980च्या दशकात. त्यांच्यापुढचे प्रश्न अगदी साधे होते. एका नाळेतून मिळणारं रक्त जेमतेम पेलाभर. त्यात रोग्याला पुरतील इतक्या पेशी असतात का? दूरच्या प्रसूतिगृहातून प्रयोगशाळेत येईपर्यंत त्या जगतात का? गोठवून पुन्हा वितळवल्यावर काय उरतं? उत्तरं उमेद वाढवणारी निघाली. साध्या तापमानाला दोनतीन दिवस प्रवास करूनही पेशी टिकत होत्या. रक्त धुऊन, वेगळं करून ‘शुद्ध’ करायला गेलं तर उलट हव्या त्याच पेशी हातच्या जात, म्हणून त्यांनी रक्त आहे तसंच गोठवायचं ठरवलं. या सगळ्या शोधातला मला सगळ्यात भावणारा निर्णय हाच.

मग ऑक्टोबर 1988 आला. अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या एका मुलाला फॅन्कोनी अॅनिमिया होता. या आनुवंशिक आजारात बोन मॅरो हळूहळू निकामी होतो. त्याची आई पुन्हा गरोदर होती. जन्माआधी केलेल्या तपासणीत होणारी बहीण निरोगी आणि त्याला जुळणारी असल्याचं समजलं. तिच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त घेऊन गोठवलं, आणि द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून ते पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात नेलं. पॅरिस का? फॅन्कोनीच्या रोग्याला रोपणाआधी द्यायची औषधं आणि किरणं नेहमीच्या मात्रेत सोसत नाहीत, आणि त्याला झेपेल अशी सौम्य पूर्वतयारी तिथल्या एलियान ग्लुकमन यांनी बसवली होती. रोपण यशस्वी झालं. तो मुलगा मोठा झाला आणि दशकानुदशकं जगला, तेही बहिणीच्या जन्मावेळी एरवी टाकून दिल्या गेलेल्या रक्तावर.

यानंतर ज्यांच्या घरात जुळणारं भावंड नाही त्यांचा विचार सुरू झाला. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये पाब्लो रुबिनस्टीन यांनी 1992च्या सुमारास सार्वजनिक पेढी उभी केली. कुणीही दान करावं आणि ज्याला जुळेल त्याला मिळावं, अशी तिची पद्धत होती. 1993 साली ड्यूक विद्यापीठात जोअन कुर्ट्झबर्ग यांनी नात्यातल्या नसलेल्या बाळाचं रक्त वापरून रोपणं सुरू केली. नवजात बाळाच्या रोगप्रतिकारक पेशी अजून अननुभवी असतात, परक्या शरीरावर त्या तितक्या त्वेषानं तुटून पडत नाहीत. त्यामुळे जुळणी थोडी कमी असली तरी चालतं. मिश्र वंशाच्या रोग्यांना जुळणारा दाता मिळणं फार अवघड, त्यांच्यासाठी ही सवलत मोलाची ठरली. आजवर जगभरात अशी 40 हजारांहून अधिक रोपणं झाली आहेत.

उणीव होती ती मात्रेची. रक्त थोडं, पेशी थोड्या, म्हणून मोठ्या माणसाच्या शरीरात नवं रक्त तयार व्हायला उशीर लागतो, आणि त्या आठवड्यांत जंतुसंसर्ग जीवघेणा ठरू शकतो. मिनेसोटात दोन बाळांचं रक्त एकत्र देऊन पाहिलं गेलं. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या पद्धतीही निघाल्या, आणि तसं एक औषध 2023 साली अमेरिकेत मंजूर झालं. मात्र दरम्यान आईवडील किंवा मुलं अशा अर्ध्या जुळणाऱ्या नातलगांचा बोन मॅरो वापरण्याचं तंत्र सुधारलं, आणि नाळेच्या रक्ताची मागणी उतरली.

खाजगी साठवणुकीचा धंदा मात्र वाढत गेला. ‘तुमच्या बाळासाठीच’ हे त्याचं मुख्य आश्वासन, आणि नेमक्या त्याच उपयोगाला पाठबळ सगळ्यात कमी आहे. आजार आनुवंशिक असेल तर तोच दोष बाळाच्या साठवलेल्या पेशींतही असतो. लहानपणीच्या ल्युकेमियाचंही काहीसं तसंच. जन्मानंतर टाचेतून टिपून ठेवलेले रक्ताचे वाळके डाग 1990च्या दशकात तपासले, तेव्हा पुढे आजारी पडलेल्या काही मुलांच्या डागांत ल्युकेमियाच्या जनुकीय खुणा जन्मापासूनच हजर होत्या. घरात आधीच आजारी भावंड असेल तर साठवणूक जरूर करावी, एरवी सार्वजनिक दान करावं, अशी भूमिका अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2007 साली घेतली आणि 2017 साली पुन्हा मांडली. भीती आणि माया या दोन्हींच्या बळावर पालकांना ‘विमा’ विकणं मला अन्यायाचं वाटतं, कारण प्रसूतीच्या तोंडावर शांतपणे विचार करायला त्यांना उसंतच नसते.

नाळेच्या ऊतीतल्या पेशी हा निराळा विषय आहे, आणि नेहमी इथेच गल्लत होते. व्हार्टन्स जेलीत, वारेत आणि गर्भजलात ज्या पेशी मिळतात त्यांना मेसेन्कायमल, म्हणजे हाडं-कूर्चा अशा आधार देणाऱ्या ऊतींच्या वर्गातल्या, म्हणतात. त्या रक्त तयार करत नाहीत. त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच 2017 साली ते बदला म्हणून आग्रह धरला. या पेशी नवी ऊती घडवण्यापेक्षा आजूबाजूच्या पेशींना संकेत देतात आणि दाह शमवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. यातून खरे उपचारही निघाले. 2012 साली दक्षिण कोरियात नाळेच्या रक्तातल्या अशाच पेशींपासून बनवलेलं गुडघ्याच्या कूर्चेसाठीचं उत्पादन मंजूर झालं. पण सांधेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर ही टोचणी चालते, असं सांगणारी दुकानंही उघडली. 2018 साली अमेरिकेत अशा अमान्य उत्पादनाची टोचणी घेतलेल्या 12 जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात जावं लागलं.

साठवणुकीच्या चर्चेत एक गोष्ट हमखास मागे पडते. जन्मानंतर लगेच नाळ बांधली नाही, तर पहिल्या मिनिटात सुमारे 80 मिलिलिटर रक्त वारेतून बाळाकडे जातं. त्यातलं लोह पहिले काही महिने त्याला पुरतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते, आणि रक्त गोळा करायचं म्हणून ही पद्धत बदलू नये, असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना बजावते. थांबल्यावर पिशवीत कमी रक्त येतं, कधीकधी तर साठवण्याइतकंही भरत नाही. ते रक्त तोवर बाळाच्या अंगात पोचलेलं असतं.