चमकतंय पण, चुंबकाला चिकटतंय पण, मग कण एकच आहे का?

यूव्ही टॉर्च मारला की बाटली हिरवीगार, बाजूला चुंबक धरला की आतलं काळं कडेला गोळा, झालं, आपण फोटो काढून 'मॅग्नेटिक फ्लुरोसंट नॅनोपार्टिकल्स तयार' म्हणून ग्रुपवर टाकून मोकळे! मीपण हेच केलं होतं. सरांनी एवढंच विचारलं, काळं कडेला गेलं तेव्हा हिरवं कुठं होतं? ते तर बाटलीभर तसंच होतं.

म्हणजे ते नुसतं मिश्रण होतं, मॅग्नेटाइट (लोखंडाचं काळं चुंबकीय ऑक्साइड) वेगळं आणि फ्लुरोसीन (हिरवा चमकणारा रंग, म्हणजे डाय) वेगळं. डाळ-तांदूळ एका डब्यात ठेवले म्हणून खिचडी होत नाही.

खरा जोडकण, म्हणजे एकाच कणात चुंबक आणि चमक दोन्ही, बनवताना चुंबकाचा भाग सोपा आहे, लोखंडाचे फेरस आणि फेरिक क्षार 1:2 घेऊन ढवळत अमोनिया टाकला की बघता बघता सगळं काळं होतं. डोकेदुखी चमकेची. मॅग्नेटाइट मुळात काळं, आत जाणारा यूव्ही पण गिळतं आणि बाहेर येणारा उजेड पण, वर डाय थेट त्याच्या अंगाला चिकटवला तर डायची ऊर्जा त्यालाच जाते आणि चमक मरते. म्हणून मधे सिलिकाचा (काचेसारखा) थर द्यायचा, अल्कोहोल-पाण्यात टीईओएस (ज्यातून सिलिका बनते ते रसायन) आणि अमोनिया, 1968 ची श्टोबर पद्धत, आणि डाय आधी अमिनो-सिलेनला (डाय आणि सिलिका जोडणारा दुवा) पक्का बांधून बाहेरच्या थरात घ्यायचा, नुसता भिजवलेला डाय धुताना सुटून येतो. थर फार जाड केला तर चमक छान पण कण चुंबकाकडे जायला कंटाळतात, तेव्हा बेताने.

फरक ओळखायचा तर अंधारात बघा (यूव्हीचा गॉगल घालूनच). मिश्रणात काळा ठिपका काळाच राहतो आणि पाणी चमकतं, जोडकणात ठिपकाच चमकतो आणि पाणी विझतं. घाई मात्र नको, 10 नॅनोमीटरचे सुटे कण साध्या चुंबकाकडे लवकर येतच नाहीत. आणि पाणी थोडं चमकलं म्हणून लगेच सगळं फेकून देऊ नका, पोटात मॅग्नेटाइट नसलेले नुसते सिलिकाचे चमकणारे गोळे पण सोबत तयार होतात, ते मागे राहतात. चुंबक धरून वरचं ओतायचं, ताजं अल्कोहोल घालून हलवायचं, परत चुंबक. माझं ओतलेलं पाणी पाचव्या धुण्याला टॉर्चखाली काळोखं दिसलं, तेव्हा कुठं सरांना परत बोलावलं.