टाइपरायटरला तेल पाजू नका

जुन्या टाइपरायटरची अक्षरं वर उठून तिथेच अडकली की कुणीतरी सांगतंच, ‘दोन थेंब तेल सोड, मोकळा होईल.’ गोव्यातल्या घरांत ते तेल बहुतेक वेळा खोबरेल असतं.

अक्षरांचे दांडे ज्या अर्धगोल पट्टीच्या खाचांतून उठतात, ती पट्टी मुळात कोरडीच चालायची असते. तेल घातल्यावर पहिले काही दिवस यंत्र खरंच पळतं, म्हणून तर हा समज टिकला. मग त्या तेलात धूळ आणि खोडरबराचा चुरा बसतो नि चिकटा तयार होतो. खोबरेल तर साधारण 24 अंशांखाली गोठतं. डिसेंबरच्या पहाटे बाटलीत जे होतं, तेच खाचांत.

उपाय उलटा आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल (पटकन उडून जाणारं, पेट घेणारं सफाईचं द्रव) आणि जुना टूथब्रश घ्या, खाचा घासा, दांडे खालीवर करा, पुसा. कळ सहज परत येईपर्यंत हेच. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातली समई लांब. अल्कोहोल बाहेरच्या रंगाला लागू देऊ नका, रंग उतरतो.

तेल हवंच असेल तर शिलाई मशीनचं, तेही कागद धरणारा गाडा ज्यावरून सरकतो त्या रुळांवर, बोटाने पुसून उरेल एवढंच. कागद ज्याभोवती गुंडाळतो त्या रबरी रुळाला मुळीच नाही, रबर फुगतं.

आणि पोर्तुगीज अमदानीतल्या यंत्रावर वरची ओळ ‘एच-सी-ई-एस-ए-आर’ दिसली, तर कुणी कळा चुकीच्या बसवल्यात म्हणून उचकटू नका. पोर्तुगालने 1937 मध्ये ठरवलेली मांडणीच ती.