पडद्यावरची काळी फट

वहिनीला सातव्या महिन्यात डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी तपासणी, सांगितली होती, म्हणून तिच्यासोबत ठाण्यात नौपाड्यातल्या एका सेंटरमध्ये गेले. पडद्यावर नाळेतल्या धमनीचा आलेख उमटत होता. करवतीसारखे दाते, आणि दर दोन दात्यांमध्ये तळाशी काळी फट. फट म्हणजे त्या क्षणी बाळाकडून वारेकडे रक्त जातच नाही, असा अर्थ निघतो. खरंच तसं असेल तर ते काळजीचं लक्षण. डॉक्टरांनी एक सेटिंग खाली आणलं आणि फट भरून आली. "रक्त आधीही वाहतच होतं," त्या म्हणाल्या, "फिल्टर जास्त होता."

हा फिल्टर लागतो कशाला? ठाणे स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेलं हेच तत्त्व सोनोग्राफीत रक्तपेशींना लावतात. पण रक्तपेशींचा प्रतिध्वनी फार क्षीण. धमनीची भिंत आणि आजूबाजूचं मांस यांचा प्रतिध्वनी त्याच्या शंभर ते हजार पट मोठा, आणि ठोक्यागणिक, श्वासागणिक तेही हलत असतं. मात्र ते हळू हलतं, त्यामुळे लहरींच्या वारंवारितेत थोडाच फरक पाडतं. म्हणून यंत्र ठरावीक आकड्याखालचा फरक सगळा गाळून टाकतं.

अडचण इथेच आहे. फिल्टरला रक्त आणि मांस यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त वेग कळतो. ३ मेगाहर्ट्झच्या लहरींसमोर सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने सरळ येणारं रक्त सुमारे १५६० हर्ट्झचा फरक पाडतं, २ सेंटिमीटरचं जेमतेम ७८. फिल्टर २०० हर्ट्झवर असेल तर सुमारे ५ सेंटिमीटरपेक्षा हळू रक्त पडद्यावरून पुसलं जातं. दोन ठोक्यांच्या मध्ये नाळेतलं रक्त मंदावतं, नेमकं तेव्हाच. म्हणून गर्भाच्या तपासणीत फिल्टर ५०-६० हर्ट्झच्या आतच ठेवावा, असा दंडक आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. एका चुकीच्या आकड्यापायी घरातल्यांची झोप उडू शकते.

हृदयाचे स्नायू कसे हलतात ते पाहायचं असेल तर उलटं करतात: जोरदार, संथ प्रतिध्वनी ठेवायचा आणि रक्ताचा टाकायचा.

वेगाशिवाय दुसरी खूणही आहे. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर वरून पाहिलं तर गर्दीचा पट्टा एकत्र सरकताना दिसतो आणि त्यातून आपली वाट काढणारा चहावाला वेगळा कळतो, चाल कितीही संथ असली तरी. मांस असंच एकगठ्ठा हलतं, रक्तपेशींचा प्रतिध्वनी मात्र जागोजागी वेगळा बदलतो. सेकंदाला शेकडो चित्रं घेऊन, गणिताने हा एकगठ्ठा भाग वजा करण्याची पद्धत पॅरिसच्या संशोधकांनी २०१५ साली मांडली. नवजात बाळाच्या मऊ टाळूवर प्रोब (यंत्राचा हातात धरायचा भाग) टेकवला, तर मेंदूतल्या बारीक वाहिन्यांमधलं संथ रक्तही तिने टिपता येतं.