पार्श्वभूमी : गडाचं ‘मॉडेल’ म्हणजे नेमकं काय?

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि ‘गडाचं थ्रीडी मॉडेल’ हे शब्द जिकडेतिकडे ऐकू येऊ लागले. या एका नावाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात : एक, आज गड जसा आहे तशी त्याची मोजणी, आणि दुसरं, पूर्वीचा गड पडद्यावर पुन्हा उभा करणं. त्यातून होणारा घोळ रायगडावर सगळ्यात ठळक दिसतो.

मोजणी आपल्याकडे नवी नाही. 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख 1823 मध्ये हिंगणघाटला वारले, तेही काम चालू असताना. पण त्या मोजणीला डोंगराची जागा आणि उंची हवी होती. वाड्यांची जोती, टाकी, तटातल्या दिंड्या यांच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. फोटोवरून इमारत मोजायची कल्पना 1858 सालची, जर्मनीतल्या वेट्सलारची. तिथल्या कॅथेड्रलची मापं घेताना एक तरुण उंचावरून पडता पडता वाचला आणि हेच काम जमिनीवर उभं राहून फोटोवरून का करू नये, असं त्याच्या मनात आलं. आज ड्रोनच्या फोटोंवरून गड उभा केला जातो, त्याचं मूळ इथे आहे.

आपल्या गडांपर्यंत हे तंत्र पोचायला वेळ लागला, त्याला कारण कायद्याचंही होतं. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातले तपशीलवार सरकारी नकाशे वर्षानुवर्षं ‘प्रतिबंधित’ होते आणि कोकणातले बहुतेक किल्ले त्याच पट्ट्यात येतात. ट्रेकर मंडळींनी हाताने काढलेले नकाशे हाच अनेकांचा आधार होता आणि त्या नकाशांचं ऋण मानायलाच हवं. 2021 हे वर्ष निर्णायक ठरलं. फेब्रुवारीत नकाशे आणि भू-माहितीवरचे निर्बंध सैल झाले, ऑगस्टमध्ये ड्रोनचे नवे नियम आले, आणि त्याच वर्षी हे किल्ले वारसा यादीच्या संभाव्य नावांत दाखल झाले. नामांकनासाठी प्रत्येक गडाची हद्द नकाशावर आखून द्यावी लागते. त्यामुळे मोजणी टाळून चालणार नव्हतं.

गडावरचं काम चिकाटीचं आहे. लेझरने मोजणारा स्कॅनर तिकाटण्यावर उभा करायचा, त्याने चौफेर लाखो बिंदू टिपायचे, मग त्याला उचलून पुढच्या जागी न्यायचं आणि सामाईक खुणा जुळवत सगळे तुकडे जोडायचे. सगळ्यात मोठी अडचण गवताची. पावसाळा सरतो तेव्हा गडमाथ्यावर कमरेइतकं गवत असतं आणि फोटोंवरून मॉडेल बांधणारं सॉफ्टवेअर गवताच्या शेंड्यांनाच जमीन समजतं. लायडारचा, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राचा, किरण झाडांच्या फटींतून खाली पोचतो, पण दाट गवतात तोही फसतो. म्हणून गवत वाळून बसल्यावरचे, माघ-फाल्गुनापासूनचे दिवसच खरे कामाचे.

एवढ्या खटपटीतून मिळतो तो पॉइंट क्लाउड, म्हणजे मोजलेल्या बिंदूंचा ढग. आज गड जसा आहे तसा, पडझडीसकट. हे झालं पहिलं ‘मॉडेल’. दुसरं मॉडेल म्हणजे छपरं, खांब, पडदे, माणसं घालून उभा केलेला 1674 चा रायगड. लोकांना हेच दुसरं पाहायचं असतं आणि त्यात गैर काहीच नाही. अडचण अशी की दुसऱ्यातला बराचसा भाग मोजता येण्याजोगा उरलेलाच नाही. मे 1818 मध्ये पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या गेल्या, गडावर आग लागली आणि लाकडी काम जळून गेलं. दगडाची जोती राहिली.

पेठेचंच उदाहरण घ्या. समोरासमोर दोन लांब रांगा, मध्ये रुंद रस्ता, पुरुषभर वाटावीत अशी उंच जोती. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच ठेवली, असं गडावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं जातं. दुसरा पक्ष म्हणतो की ही दुकानं नव्हेत, राहण्याच्या जागा असाव्यात. म्हणून काही जण ‘बाजारपेठ’ न म्हणता ‘नगरपेठ’ म्हणतात. मोजणाऱ्याला या वादात पडावं लागत नाही. जोत्याची लांबी, रुंदी, उंची त्याच्याकडे मिलिमीटरमध्ये असते. मॉडेल सजवणाऱ्याची मात्र सुटका नाही. पुढे फळीचा कट्टा आणि धान्याची पोती दाखवली की दुकान झालं, दार आणि तुळस दाखवली की घर. एकदा पडद्यावर आलं की पाहणाऱ्याच्या मनात तोच इतिहास बसतो. तिथल्या एका जोत्यावर नागाचा फणा कोरलेला आहे. फण्याचा प्रत्येक उठाव स्कॅनमध्ये उतरतो. ‘हे नागाप्पा शेट्याचं दुकान’ ही परंपरेने आलेली ओळख मात्र स्कॅनरला दिसत नाही, ती आपण चिकटवतो.

ही चिंता जुनीच आहे. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असं 1964 च्या व्हेनिस सनदेत म्हटलं आहे. संगणकावरच्या पुनर्रचनेसाठी 2009 मध्ये सध्याचं रूप मिळालेली लंडन सनद पुरावा आणि तर्क पाहणाऱ्याला वेगवेगळे ओळखू यावेत असा आग्रह धरते. माझ्या मते आपल्याकडे हा आग्रह फार मवाळ आहे. छप्पर जरूर घाला, पण ते वेगळ्या रंगात, वेगळ्या थरात, आणि बाजूला आधार लिहून घाला.

मोजणीची किंमत मोडतोड झाल्यावर कळते. पॅरिसच्या नोत्र दामचं लेझर स्कॅनिंग 2010 मध्ये झालेलं होतं, म्हणून एप्रिल 2019 च्या आगीनंतर हाताशी मापं होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमधला शुरी किल्ला जळाला, तेव्हा तिथल्या अभ्यासकांनी पर्यटकांकडून जुने फोटो मागवून मॉडेल जुळवलं. आपल्याकडे आगीपेक्षा पावसाचं भय मोठं. सांध्यांत पाणी मुरतं, मुळं दगड सारतात, आणि एखाद्या श्रावणात बुरुजाचा कोपरा दरीत जातो. मे महिन्यातलं स्कॅन आणि पाऊस संपल्यावरचं स्कॅन एकमेकांवर ठेवलं तर भिंत किती सरकली ते पडायच्या आधीच दिसू शकतं. यादीतल्या 12 किल्ल्यांपैकी 8 केंद्राच्या आणि 4 राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. त्यामुळे ही तुलना सगळीकडे एकाच पद्धतीने व्हायची, तर दोन्हीकडची मापं जागा दाखवणाऱ्या एकाच निर्देशक-पद्धतीत आणि उघडता येतील अशा फाइलींत ठेवावी लागतील.