स्वीडिश ‘द्राग’ आणि पाठीवरची तीन अक्षरं : थोडी पार्श्वभूमी

जुना टोबी नाहीतर ॲटम, म्हणजे मासे गरवायचं पत्र्याचं स्वीडिश आमिष, विकायला काढलं की समोरचा रंग, वजन काही विचारत नाही, आधी म्हणतो पाठीचा फोटो टाक. पाठ म्हणजे पत्र्याची आतली, न रंगवलेली बाजू. तिथे ठसा असतो : ए, बी, यू ही बनवणाऱ्या कंपनीची तीन अक्षरं, बहुतेक वेळा सोबत स्वीडन, कधी वजन, कधी आमिषाचं नाव. या तीन अक्षरांशेजारी अजून एखादा शब्द आहे की नाही यावरून किंमत ठरते आणि भांडणंही होतात. हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगतो.

फार मागे जात नाही. चकाकत्या धातूला मासा फसतो हे उत्तरेकडच्या लोकांना कधीपासून माहीत होतं, गावचा लोहार तांब्या-पितळेचा तुकडा ठोकून वाकवून द्यायचा, मोडक्या चमच्याचा दांडा कापून उरलेल्या वाटीला गळ लावायचा. अमेरिकेत एकाच्या हातून जेवताना चमचा तळ्यात पडला आणि त्यावर मासा झडपला म्हणे, ही गोष्ट सगळे सांगतात, खरी-खोटी जाऊ दे, पण त्याच माणसाने 1852 मध्ये पेटंट घेतलं एवढं पक्कं. आपल्याकडेही ब्रिटिश साहेब एकोणिसाव्या शतकात महसीरसाठी चमचाच वापरायचे. गावठी ठोकीव तुकडे आजही जुन्या पेट्यांमध्ये निघतात, पण त्यांवर ठसा नसतो, वर्ष लावता येत नाही, म्हणून संग्राहक ते हातात घेऊन ‘छान आहे’ म्हणतात आणि परत ठेवतात. मला स्वतःला तेच जास्त आवडतात, पण तो वेगळा विषय.

स्वीडिशमध्ये या वस्तूला ‘द्राग’ म्हणतात, ओढण्याच्या क्रियापदावरून. होडीमागे ओढायचं ते द्राग. चमच्यासारखं असलं तर ‘शेद-द्राग’, शेद म्हणजे चमचा. मराठीत आमिष म्हटलं की आधी लाच आठवते, मासा नंतर. कोकणात गरी आणि गरवणं हे फार नेमके शब्द आहेत पण गरी म्हणजे फक्त गळ, त्याला चमचा लटकवायची पद्धत साहेब सोडले तर आपल्याकडे नव्हतीच. म्हणून मी पुढे द्रागच लिहितोय. आणि इथला, स्वीडनमधला, सामन म्हणजे आपला रावस नाही, दुकानात काहीही लिहू देत.

मुख्य गोष्ट सुरू होते 1921 ला, दक्षिण स्वीडनमधल्या ब्लेकिंगे प्रांतात, स्वेंगस्ता नावाच्या छोट्या गावात. गावातून मोर्रुम नदी जाते, सामन आणि सी ट्राउटसाठी प्रसिद्ध. पण कारखाना माशांसाठी काढलाच नव्हता. त्या तीन अक्षरांचा अर्थच ‘घड्याळ कारखाना’ असा आहे. खिशातली घड्याळं, मग टॅक्सीमीटर. कारखाना काढणाऱ्याच्या मुलाकडे कारभार आला, मग महायुद्ध सुरू झालं, स्वीडन लढाईत नव्हता पण पेट्रोल मिळेना, टॅक्सी चालेनात, मीटर कोण घेणार? कामगार आहेत, बारीक दातेरी चाकं कापायची यंत्रं आहेत आणि खिडकीबाहेर नदी आहे. 1941 ला पहिली रीळ, म्हणजे गरवायची दोरी गुंडाळायचं चाक, निघाली. 1952 ला लाल रंगाची ॲम्बॅसडर 5000 आली आणि मग जगभर नाव झालं. रीळवाल्या संग्राहकांचा इतिहास इथेच संपतो, ते द्रागांकडे जरा चणे-फुटाणे असल्यासारखंच बघतात.

पण पत्रा का कापायला लागले? माझा हिशोब साधा आहे. चांगली रीळ माणूस वीस वर्षं वापरतो. द्राग मात्र शनिवारी दगडात अडकतो, रविवारी झाडाच्या बुंध्यात, सोमवारी पुन्हा दुकानात जावं लागतं. आणि शनिवार-रविवार गरवणारी माणसं अचानक वाढली होती. 1938 च्या कायद्याने स्वीडनमध्ये दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, 1951 ला तीन आठवडे झाले, 1963 ला चार. कारखान्यातला माणूस, पोस्टातला माणूस, सगळे उन्हाळ्यात तळ्याकाठच्या लाकडी खोपटात. त्यात युद्धानंतर नायलॉनची दोरी आली आणि स्थिर फिरकीची रीळ स्वस्त झाली. आधी हलकं आमिष लांब फेकणं हे उस्तादांचं काम होतं, आता दहा वर्षांचं पोरगं 12 ग्रॅमचा पत्रा पार पलीकडच्या लव्हाळ्यापर्यंत फेकायला लागलं. माझ्या मते द्रागांचा सुवर्णकाळ कंपनीने जेवढा घडवला तेवढाच या रजेच्या कायद्याने घडवला. संग्राहकांना हे बोललं की ते विषय बदलतात.

पन्नास आणि साठच्या दशकात मग नावांची रांगच लागली. टोबी, लांबट, एस आकारात हलका वळलेला, शेपटीकडे दोन बारीक कान आणि मागच्या रिंगला लाल प्लॅस्टिकची टिकली. ॲटम, पाईक नावाच्या गोड्या पाण्यातल्या दातेरी माशासाठी रुंद. हॅमर, नावाप्रमाणे ठोकल्याच्या खुणा असलेला. लिल-ओरिंगेन म्हणजे छोटा ट्राउट, आखूड आणि जाड, वाऱ्यातही सरळ जातो. उत्तेर्न म्हणजे पाणमांजर. कोस्तेर हे पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांचं नाव. द्रोप्पेन म्हणजे थेंब, हा खरं तर फिरकीवाला आहे, पाण्यात त्याचं पातं गोल फिरतं, शुद्धतावादी त्याला द्रागांच्या पेटीत ठेवत नाहीत. समुद्रातल्या कॉडसाठी एगॉन नावाचा जड ओंडका. चांदी, तांबं, सोनेरी आणि काळ्या पट्ट्यांचा झेब्रा. दलदलीच्या तपकिरी पाण्यात तांबं, स्वच्छ पाण्यात आणि समुद्रात चांदी, असं इथला प्रत्येक म्हातारा सांगतो आणि नंतर स्वतः दोन्हीकडे झेब्राच लावतो.

दरवर्षी कंपनीचा रंगीत कॅटलॉग निघायचा, ‘नाप ओ न्यूत’, नाप म्हणजे मासा लागल्याचा झटका आणि न्यूत म्हणजे नवं. तो फुकट वाटायचे, लोक वाचून ठेवून द्यायचे, आणि आज तोच पंचांगासारखा उघडून कुठला रंग कोणत्या वर्षी पहिल्यांदा दिसतो ते बघतात. कॅटलॉग नसता तर अर्धा संग्रह बिनतारखेचा राहिला असता. पण कॅटलॉगमध्ये रंग आला म्हणजे माल त्याच वर्षी बनला असं नाही, मागच्या वर्षीचं उरलेलंही विकतात की, आपल्याकडे दिवाळी अंकात मागच्या मोसमातल्या साडीची जाहिरात नसते का, तसंच.

आता भांडण. पन्नासच्या दशकापासून अमेरिकेत या कंपनीचा माल गार्सिया नावाचा तिकडचाच एक वितरक विकायचा. धंदा जोरात होता, तिकडच्या गिऱ्हाइकाला स्वेंगस्ता कुठे आहे ते माहीत नव्हतं पण वितरकाचं नाव तोंडपाठ होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी वितरकाचं दिवाळं निघालं. सगळ्यात मोठी बाजारपेठ आणि तिथला ओळखीचा शब्द दोन्ही हातचं जाणार, म्हणून 1980 च्या आसपास स्वीडनवाल्यांनी ते बुडालेलं नावच घेऊन आपल्या नावाला जोडलं. तेव्हापासून ‘आबू गार्सिया’ हे जोडनाव. लग्नानंतर आडनाव बदलावं तसं, फक्त नवरा आधीच वारलेला.

व्यापार म्हणून बघितलं तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण संग्राहकांनी त्यावर रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचं ते ‘खरं’, पलीकडचं ते ‘नंतरचं’. ‘नंतरचं’ हा शब्द ते असा उच्चारतात की ताक आंबट निघालंय. एकाच साच्यातून निघालेले दोन 18 ग्रॅमचे टोबी शेजारी ठेवा, पाठीवर फक्त तीन अक्षरं असतील तर तो मखमलीवर आणि जोडनाव असेल तर तो गरवायच्या डब्यात. मी दोन्ही तळहातावर घेऊन बघितलेत. वाक तोच, कान तेच, पाण्यात डुलतात पण सारखेच. कंपनीने नाव जोडलं त्या दिवशी साचा काही बदलला नव्हता, पत्राही नाही, आणि हाताने रंग मारणाऱ्या बाया तर नाहीच.

त्यात गुंता असा की रेघ सरळ नाहीच. अमेरिकेत जाणाऱ्या मालाच्या कार्डावर आणि खोक्यावर वितरकाचं नाव आधीपासून छापलेलं असायचं. म्हणजे धातूवर जुना ठसा पण कार्डावर अमेरिकन नाव, असा साठ-सत्तरचा माल निघतो. तो कुठल्या बाजूला? एक गट म्हणतो धातू बोलतो, कार्ड हा कागद. दुसरा म्हणतो कार्डासकट आलं तर कार्डही वस्तूच, आणि अमेरिकेसाठी बनलेला द्राग ‘स्वीडिश’ कसा, तो तर निर्यातीचा माल. या दुसऱ्या म्हणण्यात मला काही दम वाटत नाही. हापूस दुबईला गेला म्हणून तो दुबईचा होतो का? पण हेच लोक कार्ड फाडून द्राग सुटा विकतात आणि मग ‘जोडनावाआधीचा’ म्हणून जास्त पैसे मागतात, तेही मी बघितलंय. म्हणजे ज्या कागदाला एकाने किंमत नाही म्हटलं तो कागद फाडल्यानेच किंमत वाढली.

मला विचाराल तर रेघ ओढायचीच असेल तर ती नंतर ओढा. नव्वदच्या दशकात कंपनी अमेरिकन मालकांकडे गेली, हळूहळू बरंच उत्पादन आशियात गेलं, तेव्हा कुठे पत्रा, रंग आणि गळ खरोखर बदलले. पण ती रेघ कुणाला नको, कारण मग ऐंशीच्या दशकातला सगळा माल ‘खऱ्यात’ येईल आणि ज्यांनी मखमलीवर पैसे घातलेत त्यांचं काय? हे मी म्हणतोय, माझ्या पेटीत ऐंशीच्या दशकातलेच जास्त आहेत हेही लक्षात घ्या.

दुसरा वाद गळांचा. जुने तिहेरी गळ गंजून जातात, वापरणाऱ्याने ते बदललेलेच असतात. गंजलेला मूळ गळ ठेवायचा की चकचकीत नवा लावायचा? आता सगळे मूळ ठेवा म्हणतात, दहा-बारा वर्षांपूर्वी सर्रास बदलायचे. आणि चमक. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी एका बाजारात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तांब्याचा टोबी मिळाला, काळपट, पाठीवर ठसा जेमतेम वाचता येणारा, लाल टिकली अर्धी तुटलेली. घरी आणला आणि समई घासतात तसा चिंच-मीठ लावून घासला. काय झळाळला! एका जाणकार काकांना दाखवायला नेला, त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि फक्त एवढंच विचारलं की कशाने धुतलास. कारखान्याने दिलेला लाखेचा पातळ थर त्या चिंचेबरोबर बेसिनमधून गेला होता. आता तो माझ्या किल्ल्यांना लटकतोय.

आज माल कुठून येतो हे जरा उदास आहे. पन्नास-साठच्या दशकात तीन आठवड्यांच्या रजेत गरवायला शिकलेली पिढी आता जातेय. इथे माणूस गेला की मागे राहिलेल्या सामानाला ‘दोड्सबू’ म्हणतात, म्हणजे मृताचं घर. ते सामान जुन्या बाजारात येतं, विणलेले रुमाल, कॉफीचे कप, आणि गरवायची हिरवी पेटी. पेटी उघडली की कप्प्यांत द्राग रांगेने, एखाद्याला जुन्या दोरीचा तुकडा अजून गाठ मारलेला. आधी अशी पेटी चहापाण्याच्या पैशात मिळायची, आता घरचे लोक आधी फोनवर ऑनलाइन लिलावातले भाव बघतात, त्यांचं काही चूक नाही. लिलावाच्या साइट आल्यापासून दुर्मिळ रंगांचे भाव चढले आणि साध्या चांदीच्या टोबीचे उतरले, कारण असे चांदीचे टोबी किती आहेत ते सगळ्यांना दिसलं. भाव चढले तशी रंगकामंही सुरू झाली, साध्या तांब्यावर झेब्राचे पट्टे मारून विकणारे आहेत. ओळखायचं कसं? पट्टा पाईकच्या दाताच्या ओरखड्यावरून जातोय की ओरखडा पट्ट्यावरून, ते भिंगातून बघायचं. ओरखड्याच्या खोबणीत रंग उतरलेला असेल तर मासा आधी आणि रंगारी नंतर.

म्हणूनच पूर्ण कोऱ्या, कधी न भिजलेल्या मालाचं मला फारसं कौतुक नाही. गेल्या हिवाळ्यात एक ॲटम मिळाला, पाठीवर तीनच अक्षरं, रेघेच्या अगदी योग्य बाजूचा, पण रंग दातांनी इतका खरवडलेला की अर्धं पितळ उघडं. विकणारी बाई ओशाळून म्हणाली की खराब आहे, तिच्या आजोबांचा होता, ते दुसरा कुठला लावायचेच नाहीत. मी वीस क्रोनर दिले. रिंगमध्ये पाईकचा एक बारीक दात अडकलेला होता, तो मी काढलेला नाही.